डिजिटल कलेच्या नोंदीचा आराखडा ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
डिजिटल कलासंग्रहांसाठी मेटाडेटा (कलाकृतींविषयीची माहिती) आराखडा तयार करणाऱ्या समित्यांचे सदस्य, संग्रहपाल, ग्रंथपाल आणि संगणकप्रणाली उभारणारे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

संग्रहालय असो, विद्यापीठाचा कलाविभाग असो की कलाकारांनी स्वतः जमवलेला संग्रह असो, डिजिटल कलाकृतींची पद्धतशीर नोंद करायचे ठरले की पहिल्याच बैठकीत रकान्यांची यादी समोर येते. कलाकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकारमान, दाखल क्रमांक असे जुन्या नोंदवहीतले रकाने एकामागून एक उतरवले जातात, त्यांच्याखाली फाइलचे नाव आणि फॉरमॅट हे दोन नवे रकाने जोडले जातात, आणि पुढची सगळी चर्चा कोणता रकाना सक्तीचा ठेवायचा आणि कोणता ऐच्छिक, याभोवती फिरत राहते. अशा नोंदी भरण्याचे, आणि इतरांनी भरलेल्या नोंदींतून माहिती शोधण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते त्यांच्यापैकी मी एक आहे. माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे, की रकान्यांची यादी करण्याआधी आपण नोंद नेमकी कशाची करणार आहोत याचा निर्णय करावा. तो निर्णय टाळून केलेला आराखडा कितीही नेटका दिसला, तरी त्यातल्या नोंदीवरून पुढच्या पिढीला ती कलाकृती पुन्हा उभी करता येणार नाही.

तैलचित्राच्या बाबतीत हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण तिथे कलाकृती आणि वस्तू यांत भेद करण्याची वेळ क्वचितच येते. कॅनव्हासची लांबी-रुंदी मोजली, रंगाचे माध्यम लिहिले, मागच्या बाजूची सही टिपली, की नोंदीचा मोठा भाग पूर्ण होतो. डिजिटल कलेत मात्र एकाच शीर्षकाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी वावरत असतात. कलाकाराने कल्पिलेली आणि स्वतःची म्हणून मान्य केलेली कलाकृती ही पहिली. तिच्या काळानुसार झालेल्या आवृत्त्या ही दुसरी. त्या आवृत्त्या ज्या फाइलींत, कोडमध्ये किंवा डिस्कवर साठवलेल्या आहेत त्या ही तिसरी. आणि एखाद्या दालनात किंवा पडद्यावर ती प्रत्यक्ष मांडली गेली, तो प्रत्येक प्रसंग ही चौथी. या चारही पातळ्यांची माहिती एकाच सपाट ओळीत कोंबली, की 'वर्ष' या साध्या रकान्यालाही खरे उत्तर उरत नाही.

शू ली चेंग यांची 'ब्रँडन' ही कलाकृती घ्या. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने खास वेबसाठी करवून घेतलेली ही पहिली कलाकृती, आणि तिचा काळ १९९८ ते १९९९ असा सांगितला जातो. पुढे ब्राउझर बदलत गेले, जावा ॲपलेट (वेबपानात चालणारे छोटे प्रोग्राम) चालेनासे झाले, आणि तिचे कित्येक भाग पडद्यावर दिसेनात. संग्रहालयाने न्यूयॉर्क विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या अभ्यासकांच्या साहाय्याने तिचे जतनकार्य हाती घेतले आणि २०१७ साली ती पुन्हा लोकांसमोर आली. तेव्हा बंद पडलेल्या ॲपलेटच्या जागी आजच्या ब्राउझरना समजणारे कोड लिहावे लागले होते. आता नोंदीत वर्ष कोणते लिहावे? १९९८ लिहिले तर आज चालणाऱ्या कोडविषयी ते खोटे ठरते, २०१७ लिहिले तर कलाकृतीविषयी. दोन्ही उत्तरे आपापल्या पातळीवर बरोबर आहेत आणि दोन्ही नोंदली गेली पाहिजेत. त्यासाठी आराखड्यातच कलाकृतीची नोंद वेगळी, आवृत्तीची वेगळी आणि फाइलींची वेगळी हवी. त्या एकमेकींशी ओळख क्रमांकांनी जोडलेल्या असाव्यात.

हे सारे नव्याने शोधून काढण्याची गरज नाही, आणि आपल्यापैकी काही समित्या स्वतःचा आराखडा कोऱ्या कागदापासून सुरू करतात याची मला चिंता वाटते. दृश्यकलांच्या नोंदीसाठीच्या व्हीआरए कोअर या आराखड्यात, ज्याची चौथी आवृत्ती २००७ साली आली, कलाकृती, तिची प्रतिमा आणि संग्रह यांच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या आहेत. संग्रहालयांच्या माहितीच्या देवाणघेवाणीसाठीचा लिडो हा आराखडा घटनेला मध्यभागी ठेवतो, म्हणजे निर्मिती, संपादन, प्रदर्शन या घडामोडी नोंदवून त्यांना व्यक्ती, स्थळ आणि काळ जोडतो. त्याच्यामागे सीडॉक सीआरएम ही संकल्पनात्मक चौकट आहे, आणि तिला आयएसओ २११२७ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळालेला आहे. डिजिटल जतनासाठी प्रीमिस हा माहितीकोश २००५ पासून उपलब्ध आहे आणि त्यात वस्तू, घटना, कर्ते आणि हक्क यांची मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे. मात्र यांपैकी कोणताही एक आराखडा जसाच्या तसा उचलून भागणार नाही, हेही तितकेच खरे. व्हीआरए कोअरमधली प्रतिमा ही मूळ कलाकृतीची छायाप्रत मानलेली आहे, कारण तो आराखडा स्लाइड आणि छायाचित्रांच्या संग्रहांतून घडला. डिजिटल कलेत फाइल ही छायाप्रत नसते, त्या फाइलीवाचून कलाकृती दाखवताच येत नाही. प्रीमिसला फाइलीविषयी सगळे विचारता येते, पण ती फाइल चालताना प्रेक्षकाला काय अनुभव यावा हे विचारण्याचे काम त्याचे नाही.

डब्लिन कोअर या मोजक्या घटकांच्या सर्वसाधारण आराखड्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत सोपा म्हणून तोच सर्वांत आधी निवडला जातो. १९९५ साली ओहायो राज्यातील डब्लिन या गावी झालेल्या कार्यशाळेतून तो निघाला. त्यात पंधरा घटक आहेत, आणि दोन संस्थांमध्ये माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी तो आजही अतिशय उपयोगी आहे. त्याच्या रचनाकारांनी एक नियम सांगितला होता, की एका नोंदीत एकाच गोष्टीचे वर्णन असावे. व्यवहारात नेमका हाच नियम मोडला जातो. निर्माता म्हणून कलाकाराचे नाव येते, दिनांक म्हणून फाइल तयार झाल्याचा दिवस येतो, फॉरमॅट म्हणून जेपेग लिहिले जाते आणि प्रकाशक म्हणून संकेतस्थळ चालवणारी संस्था. एकच नोंद अशा तऱ्हेने तीन वेगवेगळ्या गोष्टींविषयी एकेक तुकडा सांगते आणि कोणत्याच गोष्टीविषयी पुरे बोलत नाही. म्हणून माझे मत असे आहे, की डब्लिन कोअर हा आपल्या माहितीचा बाहेरचा चेहरा असावा. आतली नोंद सखोल ठेवावी आणि तिच्यातून डब्लिन कोअरचे पंधरा घटक यंत्राने काढून द्यावेत. उथळ नोंदीतून सखोल नोंद काढणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही.

आता माझ्या पत्रातील मुख्य मागणी. कलाकृतीत काय बदलले तरी चालेल आणि काय बदलले तर ती कलाकृती राहणार नाही, हे नोंदवण्यासाठी आराखड्यात स्वतंत्र आणि सक्तीची जागा असावी. डिजिटल कलाकृती बदलाशिवाय टिकत नाही. यंत्रे, ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, पडदे हे सगळे तिच्या भोवती बदलत असतात आणि प्रत्येक बदलाच्या वेळी कोणाला तरी निर्णय घ्यावा लागतो. ब्राउझरमध्ये हलती चित्रे चालवणाऱ्या ॲडोबी फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, तेव्हा जगभरातील असंख्य कलाकृतींबाबत हा निर्णय एकाच वेळी समोर उभा राहिला. एखाद्या कलाकाराच्या दृष्टीने फ्लॅश हे केवळ रेषा हलवण्याचे साधन होते, त्यामुळे तीच हालचाल दुसऱ्या तंत्रात पुन्हा लिहिली तर कलाकृतीला काहीच बाधा येत नाही. दुसऱ्याच्या कलाकृतीत फाइल उतरताना होणारा विलंब, अक्षरांच्या कडांचा विशिष्ट खडबडीतपणा, माउसने टिचकी मारल्यावर येणारा आवाज हे सारे आशयाचाच भाग होते. दोघांच्याही फाइलींचे फॉरमॅट सारखे आहेत, तांत्रिक माहिती सारखी आहे, आणि तरीही एकीला जे वरदान ठरेल ते दुसरीचा घात करील. हा फरक फाइल कितीही उघडून पाहिली तरी कळत नाही, तो कलाकाराला विचारूनच नोंदवावा लागतो.

जॉन इपोलिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुगेनहाइममध्ये 'व्हेरिएबल मीडिया' या उपक्रमातून हेच विचारण्याची पद्धत घडवली. कलाकाराला त्याच्या कलाकृतीच्या वर्तनाविषयी प्रश्न विचारायचे आणि साठवण, एम्युलेशन (जुन्या यंत्राची सॉफ्टवेअरने केलेली नक्कल), स्थलांतर (नव्या तंत्रात नेणे) व पुनर्व्याख्या (नव्याने अर्थ लावून मांडणे) या चार मार्गांपैकी कोणता त्याला कितपत मान्य आहे हे लिहून घ्यायचे, असा त्या प्रश्नावलीचा गाभा आहे. २००४ साली याच संग्रहालयात झालेल्या एका प्रदर्शनात काही कलाकृती मूळ यंत्रांवर आणि शेजारीच एम्युलेशनच्या रूपात मांडल्या होत्या. त्यांत ग्रॅहम वाइनब्रेन आणि रॉबर्टा फ्रीडमन यांची १९८२ ते १९८५ या काळात घडलेली संवादी व्हिडिओ-कलाकृती होती, जी मुळात सोनीच्या जुन्या संगणकावर आणि लेझरडिस्कवर चालत असे. अशी तुलना ज्या संस्थांना परवडत नाही त्यांच्याजवळ निदान कलाकाराचा शब्द लिहून ठेवलेला असावा.

हा शब्द 'शेरा' या मोकळ्या रकान्यात टाकून देऊ नये. कोणता गुणधर्म, त्याविषयी काय म्हटले, कोणी म्हटले, कोणत्या दिवशी, मुलाखतीत की पत्रात की करारात, आणि कोणी टिपून घेतले, अशी त्याची रचना असावी. कलाकारांची मते बदलतात. विशीत ज्याने काचेच्या नळीचा जाड टीव्हीच हवा असा आग्रह धरला, तोच पुढे सपाट पडद्याला आनंदाने मान्यता देऊ शकतो किंवा याच्या नेमके उलटही घडू शकते. आराखड्याने नवे मत जुन्यावर न लिहिता दोन्ही तारखांसह ठेवावीत, आणि कलाकाराचे मत, संग्रहपालाचे मत व जतनतज्ज्ञाचे मत यांची सरमिसळ होऊ देऊ नये. कलाकार हयात नसेल तर त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला आहे, हेही नोंदीत स्पष्ट हवे.

बदलांची नोंद घटना म्हणून ठेवावी, हा याच विचाराचा पुढचा भाग आहे. फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेली, कोडची एक ओळ दुरुस्त केली, प्रदर्शनात प्रोजेक्टर बदलला, चेकसम (फाइल बदललेली नाही हे तपासण्याचा आकडा) जुळवून पाहिला, या प्रत्येक घटनेला तारीख, करणारी व्यक्ती, वापरलेले साधन आणि परिणाम अशी स्वतःची नोंद मिळाली पाहिजे. तारखांबाबत उगाच खोटी अचूकता नको. 'सुमारे १९९७' किंवा '१९९८ ते १९९९ दरम्यान' असे जे खरोखर माहीत आहे ते यंत्राला वाचता येईल अशा रीतीने लिहिण्याची सोय आयएसओ ८६०१ मानकाच्या २०१९ च्या दुसऱ्या भागात आहे. तिचा वापर करावा, म्हणजे रकाना भरण्यासाठी कोणाला १ जानेवारी ही तारीख कल्पून टाकावी लागणार नाही.

तांत्रिक माहितीच्या बाबतीत माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की जे यंत्राला कळते ते माणसाने टंकू नये. फॉरमॅटची ओळख पटवण्यासाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची प्रोनॉम ही नोंदसूची आणि तिच्यावर चालणारी ड्रॉइडसारखी साधने आहेत. शा-२५६ चेकसम, पिक्सेलमधले आकारमान, रंगावकाश, कोडेक, दर सेकंदाच्या फ्रेम हे सगळे दाखल करतानाच आपोआप काढता येते. माणसाचा वेळ ज्या गोष्टी फाइलीत नाहीत त्यांच्यासाठी राखावा. कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत काम झाले, कोणते फॉन्ट बाहेरून येतात, कोणत्या सेवेकडून थेट माहिती ओढली जाते आणि ती सेवा बंद पडली तर काय करायचे, हे फक्त माणूसच विचारू शकतो. अँडी वॉरहॉल यांनी १९८५ साली अमिगा संगणकावर केलेली चित्रे २०१४ मध्ये जुन्या फ्लॉपी डिस्कांतून मिळवली गेली. तेव्हा त्यांतील काही फाइलींचा फॉरमॅट ओळखीचा नव्हता, आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबमधील विद्यार्थ्यांना त्याची रचना उलगडून काढावी लागली. तिथे कसबी माणसे हाताशी होती. प्रत्येक संग्रहाला ती मिळतील असे धरून चालता येत नाही, सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती एवढी एक ओळ लिहून ठेवणे मात्र कोणालाही शक्य आहे.

शब्दसंग्रहाबाबत फार लिहीत नाही. 'माध्यम' या रकान्यात 'डिजिटल', 'संगणक कला', 'न्यू मीडिया' आणि 'मिश्र माध्यम' असे चार जणांनी चार शब्द वापरले, की शोध निरुपयोगी होतो, हे आपण जाणताच. गेटी संस्थेचा कला आणि स्थापत्य संज्ञाकोश आणि कलाकारांची नामसूची यांतील ओळख क्रमांक वापरावेत, स्थानिक संज्ञा हव्या असतील तर त्या जरूर ठेवाव्यात पण या क्रमांकांशी जोडून. शीर्षके आणि नावे ज्या भाषेत व लिपीत कलाकाराने दिली त्याच रूपात प्रथम नोंदवावीत, प्रत्येक रूपाला भाषेची खूण द्यावी आणि लिप्यंतर हे पर्यायी रूप म्हणून ठेवावे.

हक्कांचा एकच रकाना पुरत नाही. कलाकृतीचा कॉपीराइट, कोडचा परवाना, फॉन्टचा परवाना आणि जतनासाठी स्थलांतर किंवा एम्युलेशन करण्याची परवानगी ही चार वेगळी प्रकरणे आहेत, आणि शेवटचे प्रकरण कराराच्या वेळीच सुटले नाही तर पुढे सोडवणे फार अवघड जाते. राइट्सस्टेटमेंट्स या उपक्रमाची बारा प्रमाण विधाने २०१६ पासून उपलब्ध आहेत आणि लोकांसमोर हक्कस्थिती सांगायला ती पुरेशी आहेत, अंतर्गत नोंदीसाठी मात्र नाहीत. ब्लॉकचेनवरील (अनेक संगणकांवर वाटून ठेवलेल्या डिजिटल नोंदवहीतील) टोकन, म्हणजे मालकीची खूण, असलेल्या कलाकृतींविषयी विशेष सावध राहावे. ब्लॉकचेनचे नाव, तिच्यावरील स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट या प्रोग्रामचा पत्ता आणि टोकन क्रमांक हे ओळख क्रमांक म्हणून जरूर नोंदवावेत, पण टोकन हाती असल्याने कॉपीराइट आपोआप मिळत नाही, आणि टोकनमधला दुवा ज्या ठिकाणी जातो तिथे फाइल कायम राहील याची हमी तो दुवा देत नाही. फाइल स्वतःकडे उतरवून तिचा चेकसम नोंदवलेला नसेल, तर संग्रहात ती कलाकृती आहे असे म्हणण्याला आधार नाही.

नियमबद्ध आणि यंत्रनिर्मित कलेची परंपरा १९६५ साली श्टुटगार्ट येथे गेओर्ग नेस यांनी संगणकाने रेखाटलेली चित्रे मांडली तेव्हापासून तरी चालत आलेली आहे. तिच्यात कलाकृती म्हणजे प्रोग्राम, त्यातून निघालेले प्रत्येक चित्र, की कलाकाराने निवडलेले मोजके, हे आराखड्याने विचारलेच पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने केलेल्या कामांत मॉडेलचे नाव, आवृत्ती, दिलेल्या सूचना आणि बीजांक (यादृच्छिक निवडीची सुरुवात ठरवणारा आकडा) यांची भर पडते. वृत्तमाध्यमांसाठी मानके ठरवणाऱ्या आयपीटीसी या संस्थेने डिजिटल प्रतिमेचा उगम सांगण्यासाठी प्रमाण संज्ञा ठरवल्या आहेत, त्या वापरल्या तर इतर संग्रहांशी मेळ राहील.

एवढे सगळे मागितल्यावर आराखडा अवजड होणार, ही हरकत मला मान्य आहे. शेकडो रकान्यांचा आराखडा कागदावर शोभतो आणि प्रत्यक्षात रिकामा राहतो. म्हणून सक्तीचे रकाने अगदी मोजके ठेवावेत आणि बाकीचे कलाकृतीच्या स्वरूपानुसार उघडावेत. स्थिर चित्राची नोंद करणाऱ्याला सेन्सर आणि प्रोजेक्टरचे प्रश्न दिसण्याचे कारण नाही. पण रिकाम्या रकान्याला अर्थ असलाच पाहिजे. 'लागू नाही', 'शोधूनही मिळाले नाही' आणि 'अजून पाहिलेले नाही' या तिन्ही अवस्था आज बहुतेक प्रणालींत सारख्याच कोऱ्या दिसतात, आणि त्यामुळे जे काम एकाने करून संपवले तेच दुसरा पुन्हा सुरू करतो. या तीन खुणा देणे तांत्रिकदृष्ट्या अगदी किरकोळ आहे, आणि नोंदकारांच्या श्रमांची त्याहून मोठी बचत दुसऱ्या कशाने होईल असे मला वाटत नाही. प्रत्येक विधान कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिले हेही त्याच्यासोबत राहावे.

शेवटी चाचणीविषयी. आराखडा पक्का करण्याआधी तो संग्रहातील सोप्या कलाकृतींवर तपासू नका, कारण चित्रफाइल कोणत्याही आराखड्यात बसते. ज्या कलाकृतीचे वर्ष सांगता येत नाही, जिची यंत्रे बंद पडली आहेत, जी प्रत्येक दालनात वेगळी मांडली जाते, जिच्या दोन प्रती दोन ठिकाणी वेगळ्या दिसतात, अशा अवघड कलाकृती निवडा. दोन नोंदकारांना एकमेकांच्या नोंदी न दाखवता त्याच कलाकृती नोंदवायला द्या आणि जिथे दोघांची उत्तरे जुळत नाहीत तिथे माणसांना दोष न देता नियमाची वाक्यरचना सुधारा. आराखड्याला आवृत्ती क्रमांक द्या, प्रत्येक रकान्यासोबत भरलेले उदाहरण द्या, आणि एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत नोंदी कशा नेल्या हे जाहीर ठेवा.

माझ्या तीन मागण्या आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात: कलाकृती, आवृत्ती, फाइल आणि मांडणी यांच्या स्वतंत्र नोंदी, काय बदलू नये याविषयी कलाकाराच्या मताची सक्तीची व तारखेसह नोंद, आणि समितीत निदान एका डिजिटल कलाकाराला व एका प्रत्यक्ष नोंदकाराला मताधिकारासह जागा. मसुदा जाहीर करताना या अवघड कलाकृतींच्या भरलेल्या नोंदी त्यासोबत जोडाव्यात. त्या वाचून, रकान्यागणिक लेखी अभिप्राय देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक नोंदकार